पाहुण्याची नऊ बदकं

शुक्रवारी सकाळी साडेसातला ताजुद्दीनने पिकअप मागे घेत घेत आमच्या पत्र्याच्या शेडला लावली, मागचं फळकूट धाडकन पाडलं, आणि तो ढीग बघून माझ्या तोंडून पहिली शिवीच गेली. देवाचं नाव घ्यायची वेळ ती. पण ढीगच तसा होता.

"किती रे?"

"बावन्न, भाभी."

"तळ्यात दोन-चार ठेवलीत तरी का? की पाणीसुद्धा उचलून आणलंत?"

ताजुद्दीन हैदराबादचा, या मळ्यावर बारा वर्षं ड्रायव्हर. माझ्या बोलण्याची त्याला सवय आहे. "मेरे कू मत बोलो भाभी, मैं तो खाली गाडी चलाया," म्हणाला आणि पंखांना धरून चार-चार बदकं खाली उतरवायला लागला.

मळा आखातातल्या हुफूफ शहरापासून तासाभरावर. तीन बाजूंनी खजुरी, मागे निचऱ्याच्या पाण्याचं मोठं तळं. खजुरींना पाजलेलं पाणी खारट होऊन तिथं साठतं, त्याला कुबट वास येतो. पण थंडी पडली की उत्तरेकडून बदकं येतात, आणि बदकांमागून आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, अबू मिशाल बंदूक घेऊन येतो. दर शुक्रवारी. डिसेंबर ते फेब्रुवारी माझ्या नखांतनं पीस निघत नाही.

आम्ही दोघं नवरा-बायको इथं सहा वर्षं आहोत. गाव संगमेश्वराकडचं. आमचे हे, कमलाकर, शेळ्या, पाणी आणि जनरेटर बघतात. मी घर बघते. आणि बदकं. हे तिकडे टेम्पो चालवायचे आणि मी तिकडेही चुलीशीच होते, तेव्हा मी काही नवीन शिकायला इथं आले नव्हते. पण शिकले, आणि तेच माझ्या गळ्याशी आलं.

कारण त्या शुक्रवारी मला घरी जायचं होतं. म्हणजे त्याच दिवशी नव्हे, पण त्या दिवशी संध्याकाळी अबू मिशाल त्याच्या मोबाईलमधल्या सरकारी ॲपवर बोट दाबणार होता आणि माझी खुरूज-औदा निघणार होती. देशात जाऊन परत यायची परवानगी. ती कफीलने काढल्याशिवाय इथून हलता येत नाही, तिकीट हातात असलं तरी विमानतळावरून माघारी. एक बोट दाबायचं काम. ते बोट मी ऑक्टोबरपासून मागत होते. आधी खजूर उतरवायचा होता. मग त्याच्या बहिणीकडे लग्न निघालं. मग थंडी आली. शेवटी त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "पद्मा, या शुक्रवारचे पाहुणे झाले की खलास, तू मोकळी."

आमच्या मुग्धाला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून नवव्यातच माहेरी येऊन राहिली होती. माहेर म्हणजे कुलूप काढलेलं घर. मी इथं, हे इथं. तिला सासू नाही, नणंद नाही. जावई पुण्याला कंपनीत, तो शनिवारी येणार, रविवारी जाणार. शेजारची मीनाक्षी रात्री सोबतीला झोपायला येत होती, पण तिच्या घरी तिची दोन पोरं. डॉक्टरने तारीख दिली होती अठरा दिवसांनंतरची.

"आज काही बोलू नका हं," सुरी घासता घासता मी ह्यांना म्हटलं. "आज नुसतं हो म्हणायचं. तसं तुम्ही रोज म्हणताच, पण आज जरा मनापासून म्हणा."

हे हसले. पाण्याचा डबा गॅसवर ठेवला आणि माझ्याजवळ पाट सरकवला.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. मला वाटलं बदक म्हणजे मोठी कोंबडी. गावी करतो तसं खळखळतं पाणी केलं, वीस बदकं बुचकळली आणि ओढायला बसले. पिसं निघाली, पण कातड्यासकट. रानबदकाच्या पिसाला तेल असतं, पाणी आत शिरत नाही. वरचं कातडं मात्र शिजतं. वीसच्या वीस सोलून निघाली. अबू मिशाल पोट धरधरून हसला, फोटो काढून मित्रांना पाठवले. मी आत जाऊन रडले.

तेव्हा त्याची आई बाहेर आली. ऐंशीच्या पुढची म्हातारी. इथे कामवाल्या घरच्या बाईला 'मामा' म्हणतात आणि मालकाला 'बाबा'. पहिल्यांदा मला हसू आवरेना, आता सवय झाली. मामा माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली आणि बदक मांडीत घेऊन शिकवलं. ऊब असताना कोरडीच उपटायची. छातीपासून सुरुवात. एका हाताने कातडं ताणून धरायचं, दुसऱ्याने जिकडे पीस वळलंय तिकडेच ओढायचं, थोडं थोडं, चिमटीत येईल तेवढंच. उरलेली लव जाळावर धरायची. शेपटीवरची तेलाची गाठ खोल कापून टाकायची, नाहीतर मांसाला तळ्याचा वास येतो. खालून चीर देऊन हात आत घालायचा, आतडं एका ओढीत, आणि काळजाजवळची पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. फुटली की सगळं कडू.

दोन वर्षांत म्हातारीच्या पुढे गेले मी. मित्रमंडळी म्हणायला लागली, अबू मिशालच्या मळ्यावरचं बदक खायचं. आणि म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून शेवटची नजर माझी. त्यांच्यात नेम असा, बदक जिवंत हाती लागलं तर देवाचं नाव घेऊन मान कापायची, रक्त वाहून गेलं पाहिजे. बंदुकीनेच जागच्या जागी मेलं तरी चालतं, नाव घेऊन गोळी मारलेली असते. पण नुसता पंख मोडून पाण्यात पडलं आणि बुडून मेलं, तर ते मेलेलं, खायचं नाही. तसली बदकं ते आम्हाला देतात. आम्हाला चालतात, आणि आम्ही खातो, उगाच खोटं कशाला बोलू. साफ करून झालं की म्हातारी यायची, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारायची, "सगळं हलाल?" मी म्हणायचे, "हलाल, मामा." तेवढ्यावर घर जेवायचं.

"ये देखो, मेहमान वाले," ताजुद्दीन म्हणाला आणि एक वेगळी जुडी माझ्यापुढे ठेवली. निळ्या दोरीत बांधलेली नऊ बदकं. अबू मिशालची पद्धत अशी की पाहुण्याने मारलेली वेगळी बांधायची, वेगळी शिजवायची आणि भाताच्या थाळीत सगळ्यांत वर मांडायची. आजचा पाहुणा साधा नव्हता. अबू मिशालच्या मुलीला ज्या घरातून मागणी आली होती, त्या घरातला थोरला. म्हणजे होऊ घातलेला व्याही.

दुपारच्या नमाजनंतर जेवण. त्याआधी वीस बदकं आचाऱ्याच्या हातात जायला हवी होती, बाकीची नंतर फ्रीजरला. मी घरच्या ढिगातली अकरा आधी घेतली. हे पंखांची टोकं आणि पाय तोडून देत होते, मी उपटत होते. वारा सुटला होता, बारीक पिसं नाकातोंडात जात होती. माझ्या अंगठ्याला चिरा पडलेल्या, त्यात बदकाचं तेल गेलं की चुणचुणतं. त्यात मुग्धाचा फोन. ह्यांनी हात पुसून फोन तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आई, पाय सुजलेत गं."

"भिंतीला लावून वर ठेव. मीठ कमी कर. लोणचं खातेस ना चोरून? खरं सांग."

"थोडंसं." आणि मग, "आई, आज नक्की ना?"

"आज नक्की. अळीव आणून ठेव, डिंक आणून ठेव. लाडू मी आल्यावर करीन. मीनाक्षीला करायला सांगू नको, ती पाक कच्चा ठेवते."

"हातात काय आहे ते? ई! ते नको दाखवू मला."

"मग तोंड फिरव," मी म्हटलं आणि बदकाचं आतडं ओढलं. पोरगी हसली. तिचा हसरा चेहरा बघून मला आतून भडभडून आलं, पण हात थांबवले नाहीत.

साडेनऊला निळी दोरी सोडली.

पहिलं बदक हिरव्या डोक्याचं, जडशीळ नर. मांडीवर घेतलं तशी चोचीतनं पाणी आलं. चुळकाभर. मी छाती दाबली, आणखी आलं, फेसासकट. मान बघितली. मान कापलेली होती, पण चिरेच्या कडा पांढऱ्याफटक आणि भोवतालची पिसं कोरडी. जिवंतपणी कापलं की गळ्याची पिसं रक्ताने चिकटतात, एकेक सोडवावी लागतात. छातीवरची पिसं काढली. खालचं मांस काळं-जांभळं, रक्त आतच साकळलेलं. छर्रे कुठे तर फक्त पंखात.

दुसरं घेतलं. तसंच. तिसरं, तसंच. नऊच्या नऊ दाबून बघितली. दोन धड होती. सात बदकं पाण्यात मेल्यावर मागाहून कुणीतरी मान चिरून हलाल केलेली.

"ताजुद्दीन," मी हाक मारली, "ही मान कुणी कापली?"

त्याने जवळ येऊन बघितलं. त्याचा चेहराच उतरला. "मेहमान साब ने ही," तो हळूच म्हणाला. "पानी में से निकालने में देर हो गई. फिर उन्होंने सबके सामने छुरी फेरी, बोले सब ज़िंदा थे." मग तो आणखी हळू म्हणाला, "भाभी, थाली में से मैं भी खाता हूँ."

हे उठून माझ्यासमोर उकिडवे बसले. "पद्मे. ऐक माझं. गप्प बस."

"मी काही बोलले का?"

"तू बोलणार. मला माहीत आहे तुझं तोंड. आज व्याही आहे त्याचा. त्याने खोटं केलं असं तू म्हणालीस, तर अबू मिशाल कुणाला धरेल? त्याला की तुला? संध्याकाळी बोट दाबायचंय त्याला. मुग्धासाठी गप्प बस. आपला धर्म आहे का हा? आपण पापाचे धनी होणार नाही."

खोटं नव्हतं ते. मी पुढचं बदक मांडीवर घेतलं. सातही बदकं उपटली. नेहमीपेक्षा चांगली उपटली, कातड्यावर एक ओरखडा नाही. मनात अठरा दिवस मोजत होते. विमान दम्मामहून मुंबई, मुंबईहून रात्रीची गाडी, सकाळी घर. म्हातारीला काय, दिसत तर नाही. मी हलाल म्हटलं की हलाल.

आणि त्याच वेळी मला दुसरंच आठवत होतं. मी इथं आले त्या पहिल्या महिन्यात, ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे भाताची थाळी ठेवली होती. मला वाटलं बोकड. घास उचलला होता. समोरून म्हातारी ताडकन उठली, तेव्हा तिला दिसत होतं, आणि तिने माझं मनगट धरलं. "बगर," ती म्हणाली. गाय. "तुला नाही हे." थाळी स्वतः उचलून नेली आणि माझ्यासाठी अंडी तळून आणली. सुनेनं नाक मुरडलं, तिला म्हातारीने चार शब्द सुनावले. मला कळलंही नसतं. मी खाल्लं असतं, ढेकर दिली असती. तिनं हात धरला.

अकराला काठीचा आवाज आला. म्हातारी भिंत धरत धरत शेडपर्यंत आली. हे माझ्याकडे टक लावून बघत होते. तिने नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या हाताला मेंदीचा आणि औषधी तेलाचा वास येतो.

"झालं, बेटी? सगळं हलाल?"

मी म्हणणार होते. शपथेवर सांगते, 'हलाल' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "वीसातली तेरा हलाल. सात नाहीत."

ह्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हातारीचा हात धरून एका बदकाच्या छातीवर नेला, दाबायला लावलं. तिच्या बोटांवरून पाणी ओघळलं. मग तिचं बोट मानेच्या चिरेत घातलं. तिला सांगायची गरज पडली नाही, तिने हजारो बदकं साफ केलेली. ती बराच वेळ बोट तिथंच ठेवून उभी राहिली.

"कुणाची ही?"

"निळ्या दोरीची."

म्हातारीने काही आरडाओरडा केला नाही. ताजुद्दीनला सांगितलं, "त्या सातांवर मांजर पडलं. समजलं? मांजर पडलं. एक कोकरू काप. भातावर कोकरू येईल, आणि पाहुण्याची दोन बदकं सगळ्यांत वर." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि भिंत धरत परत गेली.

दहा मिनिटांत अबू मिशाल आला. पांढराशुभ्र झगा, नमाजला निघालेला. सात बदकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळे लाल. पाठ फिरवून चालायला लागला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

"झालं तुझ्या मनासारखं?" हे म्हणाले. "आता बस इथं बदकं उपटत."

"म्हातारीला कसं फसवू? सांगा ना. तुम्ही फसवलं असतंत?"

"हो," हे म्हणाले. "मुग्धासाठी मी फसवलं असतं."

आम्ही उरलेली बत्तीस पुरी केली. नळाखाली हात धुताना मी रडून घेतलं, पाण्याचा आवाज होता म्हणून.

जेवण झालं. आत हसण्याचे आवाज येत होते, म्हणजे कोकरू गोड लागलं असावं. चारच्या सुमारास पाहुण्याच्या गाड्या गेल्या, आणि अबू मिशाल आमच्या शेडकडे यायला लागला. हातात मोबाईल. मागून म्हातारी, काठी टेकत. मी उभी राहिले.

"पद्मा," तो म्हणाला, "माझ्या आईने मला आज सांगितलं, या घरात एक माणूस असा आहे ज्याच्या हातचं मी डोळे मिटून खाते. मी रागावलो होतो. मग नमाजात विचार केला. तू माझ्या मुलांच्या पोटात हराम जाऊ दिलं नाहीस. त्यात तुझा काही फायदा नव्हता. अल्ला तुला देईल."

म्हातारीने माझं कपाळ ओठांना लावलं आणि माझ्या मुठीत एक लहानशी डबी कोंबली. आत बाळाच्या कानातले सोन्याचे ठिपके. मला तर पुढचं काही दिसेना. बघा, मी मनात ह्यांना म्हणत होते, बघा, मी म्हटलं नव्हतं?

अबू मिशालने मोबाईलवर बोट दाबलं. एकदा, दोनदा. "खलास. साठ दिवस."

ह्यांच्या खिशातला फोन वाजला.

माझ्या नव्हे. ह्यांच्या. ह्यांनी फोन काढला, बघितला, मला दाखवला. कमलाकर. खाली इकाम्याचा, म्हणजे इथल्या ओळखपत्राचा, नंबर, तोही ह्यांचा.

"बाबा, चुकून झालं," मी म्हटलं. "नाव माझं पाहिजे. मी जाणार होते."

"चुकून नाही. कमल जाईल. बाप आहे, मुलीला आधार होईल. दोघं एकदम गेलात तर मळा कोण बघणार? आणि तुला मी कसा पाठवू? फेब्रुवारीपर्यंत बदकं आहेत. आईला आता दुसऱ्या कुणाच्या हातचं चालणार नाही, आजच तिने सांगितलं. सीझन संपला की तू जा. इन्शाअल्ला."

"बाळंतपण आहे, बाबा! बाप्याचं काय काम तिथं? फेब्रुवारीत मी कशाला जाऊ, बारसं आटोपल्यावर?" मी चढ्या आवाजात बोलत होते आणि मला थांबता येत नव्हतं. "तुम्ही छातीवर हात ठेवून बोलला होतात. पाहुणे गेले की तू मोकळी, म्हणाला होतात. मामा, तुम्ही सांगा. तुम्ही बाई आहात, तुम्हाला कळतं."

म्हातारी माझा हात थोपटत राहिली. "तू माझे डोळे आहेस, बेटी," ती म्हणाली. तिला वाटत होतं, ती मला मान देतेय. खरंच तसं वाटत होतं तिला, आणि म्हणून मला तिच्यावर ओरडताही येईना.

तेव्हा आमचे हे पुढे झाले. सहा वर्षांत कफीलपुढे 'हो' शिवाय शब्द न काढलेला माणूस. "बाबा," हे म्हणाले, "मी राहतो. हिला पाठवा. बदकं मी करीन."

"तुला येतात?"

"येतात."

अबू मिशालने फ्रीजरची वाट बघत असलेल्या टोपल्या पाहिल्या. सगळी साफ झालेली. ती मांजराची सात मी पोत्यात भरली होती, त्यांचीही पिसं काढलेली. शेवटी ह्यांना करून दाखवायला ताजुद्दीनने पिकअपच्या सीटखाली राहिलेलं, सकाळी मोजणीत न आलेलं एक लहान बदक आणून दिलं. राखी रंगाची मादी, हातभरसुद्धा नाही. सकाळपासून तसंच पडलेलं, गार, कडक झालेलं. तसलं तर मलाही जड जातं.

हे पाटावर बसले. टेम्पोचं स्टिअरिंग धरलेली जाड बोटं. मूठभर पिसं धरली आणि ओढली. पहिल्या ओढीलाच छातीचं कातडं टराटरा फाटलं.

"थोडं थोडं," मी पुटपुटले. "ताणून धरा."

"तू बोलू नकोस," अबू मिशाल मला म्हणाला. रागाने नव्हे.

ह्यांच्या कपाळावर घाम आला, जानेवारीच्या वाऱ्यात. पाठ फाटली. पंखाखाली बोट आरपार गेलं. मग सुरी घेऊन खालून चीर दिली, हात आत घातला, चाचपडले, आणि ओढलं. हिरवं पित्त ह्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. हे मान खाली घालून तसंच ओढत राहिले, उरलेलं काढत राहिले, जसं काही अजून काही वाचणार होतं. ताजुद्दीन तोंड फिरवून उभा राहिला.

"बस, कमल," अबू मिशाल म्हणाला. त्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तिकीट मी काढतो. रविवारचं." आणि आईला घेऊन तो घरात गेला.

हे तसेच बसून होते. मांडीवर ते चिंधड्या झालेलं बदक.

"मी गप्प बसायला सांगितलं होतं गो," एवढंच म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं. नळीने त्यांचा हात धुतला.

शनिवारी सकाळी मुग्धाला फोन केला. कुणी सांगायचं यावरून आमचं आधी भांडण झालं, मग मीच सांगितलं. "बाबा येतायत," म्हटलं. तिने विचारलं, "आणि तू?" मी म्हटलं, "मी फेब्रुवारीत." ती म्हणाली, "बरं, आई, अळीव आणून ठेवलाय मी." आणि मीनाक्षी हाक मारतेय असं सांगून तिने फोन ठेवला. मागे कुणाचीही हाक ऐकू आली नव्हती मला.

फोन ठेवला आणि मी ह्यांना म्हटलं, "बसा समोर. शिकवते."

त्या दिवशी अबू मिशालचा भाऊ चौदा बदकं टाकून गेला होता. माझे हात उपटत होते, तोंडाने सांगत होते. अळीव रात्री नारळाच्या पाण्यात भिजत घालायचा. डिंक तुपात फुलला पाहिजे, आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. तिचं डोकं बांधायचं, कानात वारा जाऊ द्यायचा नाही. आंघोळीला मीनाक्षीच्या सासूला बोलवा, तिला माहीत आहे सगळं, जरा तोंडाळ आहे, ऐकून घ्या. अंगावर पाजताना पोरीला लाज वाटेल, तुम्ही पडवीत जाऊन बसा. हे लिहून घेत होते, माझ्या औषधाच्या खोक्याच्या मागच्या बाजूला.

"आणि बाळ हातात कसं घेतात?" ह्यांनी विचारलं. "मुग्धा झाली तेव्हा मी घेतलीच नव्हती दोन महिने. भीती वाटायची."

मी इकडेतिकडे बघितलं. आणि मग हातातलं बदक, नुकतं साफ झालेलं, अजून ऊब असलेलं, ह्यांच्या ओंजळीत दिलं. हे दचकले.

"घ्या. एक हात ढुंगणाखाली. एक मानेमागे. बाळ मान धरत नाही, ती अशी लोंबते बघा. डोकं तळव्यावर आलं पाहिजे. दाबू नका हो! ठेवा नुसतं. असं. आता छातीशी."

ह्यांनी ते छातीशी धरलं. सदऱ्याला ओल लागली. मान नीट धरली होती. मी कोपर थोडं वर केलं.

"पद्मे," मग हे म्हणाले, "तू काळजी करू नको. कळा सुरू झाल्या ना, की लगेच तुला व्हिडिओ लावीन. फोन तिच्या उशाशीच ठेवीन. तू तिथंच असल्यासारखं होईल."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"झाल्यावर लावा. बाळ रडल्यावर." मी त्यांच्या हातातलं बदक काढून टोपलीत ठेवलं. "कळा आल्या की पोरगी 'आई गं' म्हणून ओरडणार. कुठलीही पोर ओरडते. माझ्या तोंडून ओ जाईल. आणि ओ दिल्यावर मी काय करू, सांगा?"